रुग्णाचे गुह्य आणि भ्रमणध्वनी : खुल्या संदेशव्यवस्थेचे काय झाले?

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शिष्यास करावयाचा जो उपदेश आला आहे, त्यात आतुराच्या घरी गेलेल्या वैद्याने कसे वागावे याचे तपशीलवार विवेचन आहे. त्या घरात जे दिसेल, जे कानी पडेल, ते बाहेर नेऊ नये ही त्यातील एक आज्ञा. पदवीच्या अभ्यासक्रमात हा भाग आपण सर्वांनीच वाचला, परीक्षेत लिहिला आणि त्यावर गुणही मिळवले. आचार्यांच्या काळी वैद्य रुग्णाच्या घरी जात असे. आता रुग्णाचे घरच आपल्या खिशातील यंत्रात येऊन बसले आहे. ते यंत्र आपण विकत घेतलेले असते, परंतु त्यातून निरोप ज्या वाटेने जातो ती वाट मात्र दुसऱ्याच्या मालकीची असते. प्रस्तुत लेखात या वाटेचा विचार करावयाचा आहे.

हा विषय आमच्या अभ्यासाचा नव्हे, हे आरंभीच कबूल करतो. त्याकडे वळण्यास एक प्रसंग कारण झाला, आणि तो सांगितल्याविना पुढील विवेचनाला अर्थ येणार नाही.

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमचे चिकित्सालय आहे. २०२२ च्या पावसाळ्यात एक दांपत्य वंध्यत्वाच्या चिकित्सेसाठी येऊ लागले. पतीच्या शुक्रपरीक्षणाचा अहवाल त्यांनी आमच्या चिकित्सालयाच्या भ्रमणध्वनीवर छायाचित्ररूपाने पाठवला. आम्ही औषधयोजना लिहिली. साहाय्यकाने तिचेही छायाचित्र काढले आणि औषधाची उपलब्धता विचारण्यासाठी दोन्ही छायाचित्रे एकदमच पुढे पाठवली. ती गेली एका वितरकाने मागणी नोंदवण्यासाठी चालवलेल्या गटात. त्या गटात औषधालयांचे मालक होते, त्यांची काउंटरवरची मुले होती, माल पोहोचवणारे होते. आणि त्या रुग्णाचा चुलत मेहुणाही होता. चूक ध्यानात आल्यावर छायाचित्रे पुसली. पण ज्याने पाहायचे त्याने पाहिली होती.

तिसऱ्या दिवशी त्या गृहस्थांचा दूरध्वनी आला. स्वर शांत होता. "डॉक्टर, तुमच्याविषयी तक्रार नाही. पण आता ह्या गावातनं औषध नेणं मला जमायचं नाही." एवढेच बोलले. त्यानंतर ते आले नाहीत.

दोष आमचा होता. कोणत्याही कंपनीचा नव्हता. तरीही 'पुन्हा असे होऊ नये' म्हणून आम्ही जे करू गेलो, त्यातून या लेखाचा विषय हाती लागला. आम्ही ठरवले की रुग्णांचे निरोप या सर्वसंचारी ॲपवरून घ्यायचेच नाहीत. अधिक खात्रीची अन्य सेवा वापरायची. चिकित्सालयात तशी पाटी लावली. दोन महिन्यांत चार रुग्ण त्या सेवेवर आले, आणि औषधालयांपैकी एकही आले नाही. उरलेल्यांचे म्हणणे सरळ होते : "डॉक्टर, सगळे तिकडेच आहेत की." एकाही रुग्णाला दोष देता येणार नाही. त्यांचे आप्त, दूधवाला, शाळा, सोसायटी सारे तिकडे. केवळ वैद्यासाठी दुसरे दार कोण उघडून ठेवील?

आमचा भाचा पुण्यात संगणकक्षेत्रात आहे. त्याच्यापाशी ही हकिगत काढली तेव्हा तो म्हणाला, "मामा, ई-मेलला कसं, तुमचा पत्ता एका कंपनीचा आणि माझा दुसऱ्या, तरी पत्र पोहोचतं. निरोपांचंही तसंच होऊ घातलं होतं. पंधरा-वीस वर्षांपूर्वी ते दार उघडं होतं." हे दार कोणते, आणि ते कोणी लावले, याचा शोध घेता घेता जे समजले ते वैद्यमित्रांपुढे ठेवतो.

औषधनिर्मात्यांना हा भेद समजावून सांगण्याची गरजच नाही. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जे ग्रंथ दिले आहेत, त्यांतील पाठाप्रमाणे कोणीही परवानाधारक हिंग्वाष्टक चूर्ण करू शकतो. पाठ सर्वांचा, रसशाळा ज्याची त्याची. एका औषधालयाचे संपले तर रुग्ण दुसऱ्याचे घेतो. वैद्याला औषधपत्र बदलावे लागत नाही. याउलट 'पेटंट ॲण्ड प्रोप्रायटरी' औषधात घटक ग्रंथोक्तच असतात, परंतु योग निर्मात्याचा असतो. ते त्याच्याकडूनच घ्यावे लागते. संगणकांनी परस्परांशी कोणत्या भाषेत बोलावे याच्या लिखित नियमांना प्रोटोकॉल म्हणतात. तो खुला असेल तर तो शास्त्रोक्त पाठ होय, बंद असेल तर प्रोप्रायटरी. ई-मेलचा पाठ, एसएमटीपी, १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजही सर्वांचा आहे.

तत्काळ निरोपांसाठी असा पाठ सिद्ध करण्याचा उद्योग १९९९ मध्ये जेरेमी मिलर या अमेरिकन तरुणाने 'जॅबर' या नावाने जाहीर केला. (जॅबर म्हणजे बडबड. नाव ठेवणाऱ्याला विनोदबुद्धी असावी.) त्या वेळी निरोपांचे जग वेगवेगळ्या कुंपणांत वाटलेले होते : एओएलचे ग्राहक एओएलच्या, याहूचे याहूच्या, मायक्रोसॉफ्टचे त्यांच्या. जॅबरचा विचार असा की कोणीही, मग ते महाविद्यालय असो, रुग्णालय असो किंवा एखादा हौशी गृहस्थ, आपला सर्व्हर चालवावा आणि सर्व सर्व्हरांनी एकमेकांचे टपाल पोहोचते करावे. २००४ मध्ये इंटरनेटचे नियम सिद्ध करणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने या पाठाला 'एक्सएमपीपी' या नावाने मान्यता दिली.

पुढल्याच वर्षी, ऑगस्ट २००५ मध्ये, गूगल कंपनीने 'गूगल टॉक' आणले ते याच पाठावर. आणि जानेवारी २००६ मध्ये बाहेरच्या सर्व्हरांशी देवाणघेवाण करण्याचे दारही उघडले. फेसबुकने २०१० मध्ये आपल्या गप्पांच्या सेवेत या पाठाने प्रवेश करू दिला, मात्र तो केवळ स्वतःच्या सभासदांना, दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून. बाहेरच्या सर्व्हरांसाठी ते दार कधीच नव्हते. तरीही त्या काळी या क्षेत्रातील जाणकारांना वाटले असेल की निरोपांचेही ई-मेलसारखेच होणार, तर ते स्वाभाविक होते.

तसे झाले नाही. मे २०१३ मध्ये गूगलने 'हँगआउट्स' ही नवी सेवा आणली. तिच्यात बाहेरच्या सर्व्हरांशी बोलण्याची सोय ठेवली नाही. फेसबुकने आपला प्रवेश २०१५ मध्ये बंद केला. गूगल टॉकचे उरलेसुरले दार जून २०२२ मध्ये लागले. कोणताही कायदा आडवा आला नव्हता, पाठही बाद ठरला नव्हता. तो आजही आहे आणि थोडे लोक नेमाने तो वापरतात. लहान कंपनीला खुल्या वाटेचा लाभ असतो, कारण पहिल्या दिवसापासून दुसऱ्यांचे ग्राहक तिच्याशी बोलू शकतात. एकदा ती मोठी झाली की तीच वाट तिला खर्चाची वाटू लागते. औषधबाजारात हा क्रम आपण पाहिलेला आहे : शास्त्रोक्त पाठावर नाव कमवायचे आणि मग त्यात दोन द्रव्ये घालून आपला निराळा योग बाजारात आणायचा.

ही उपमा आम्ही ओढूनताणून देत नाही. २००९ मध्ये जान कूम आणि ब्रायन ॲक्टन यांनी स्थापन केलेल्या व्हॉट्सॲपचा पायाही एक्सएमपीपीचाच. 'ईजॅबर्ड' हा खुला सर्व्हर घेऊन त्यांनी त्यात आपल्या गरजेप्रमाणे पुष्कळ बदल केले, भाषा आखूड केली, आणि बाहेरच्यांसाठी दार ठेवलेच नाही. घटक ग्रंथातले, योग मालकाचा. फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकने ही कंपनी १९ अब्ज डॉलरना घेण्याचा करार जाहीर केला, आणि आपल्या रुग्णांची वाट त्या एका घराण्याच्या अंगणातून जाऊ लागली.

येथे दुसरी बाजू सांगणे न्यायाचे होईल. खुल्या व्यवस्थेत सारे काही सुरक्षित होते असे मुळीच नाही. गूगल टॉकवरील निरोप गूगलच्या सर्व्हरवर वाचता येण्याजोग्या स्वरूपात असत. पाठवणाऱ्याच्या यंत्रात कुलूप लागावे आणि घेणाऱ्याच्याच यंत्रात ते उघडावे, ही 'एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्शन'ची सोय एप्रिल २०१६ मध्ये व्हॉट्सॲपने आपल्या सर्व ग्राहकांना एकाच वेळी दिली. त्यासाठी वापरलेला सिग्नल प्रोटोकॉल ज्यांनी रचला त्यांपैकी मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी त्याच वर्षी खुल्या व्यवस्थेवर एक टीकालेख लिहिला. त्यांचा मुद्दा असा की शेकडो मालकांची व्यवस्था सुधारायला शेकडोंची संमती लागते. म्हणून ती जेथल्या तेथे गोठते, आणि एकाच मालकाची झपाट्याने सुधारते. आम्हाला हा युक्तिवाद सहजी खोडता आला नाही. ग्रंथोक्त पाठात एक द्रव्य बदलायचे म्हटले तर आपल्यात किती वर्षे वाद चालेल, हे वाचकांना सांगायला नको. सिग्नल ही सेवासुद्धा, तिचा पाठ जगजाहीर असूनही, एकाच संस्थेच्या सर्व्हरवर चालते. फरक इतकाच की ती संस्था लाभासाठी चालत नाही.

मग कुलूप पक्के असताना चिंता कशाची? प्रमाणविचार शिकलेल्या वैद्याला याचे उत्तर अवघड जाऊ नये. प्रत्यक्ष पाहिलेले नसले तरी धुरावरून अग्नीचे अनुमान होते. निरोपातला मजकूर झाकलेला असला, तरी कोणत्या क्रमांकाने कोणाशी, केव्हा, किती वेळा संपर्क केला, ही निरोपाभोवतीची माहिती त्या कुलपात येत नाही. एखादा क्रमांक क्षारसूत्र चिकित्सालयाशी आठवड्यातून एकदा आणि पुढे दर आठवड्याला संपर्क करू लागला, तर त्याला काय झाले आहे हे सांगण्यास निरोप वाचावा लागतो काय? कोण कोणाला निरोप पाठवतो याच्या नोंदी आपण ठेवत नाही, असे कंपनीने २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितले आहे. ते खोटे आहे असे म्हणण्यास आमच्यापाशी आधार नाही. पण ठेवायच्या की नाहीत हे उद्या ठरवणारी तीच आहे, आणि न पटल्यास शेजारच्या टपालघरात जावे तर शेजारी टपालघर नाही. पाठ खुला राहिला असता तर या जागी आपल्याला निवड करता आली असती.

आणखी एक घरची गोष्ट. संपर्कयादी पाहण्याची परवानगी दिली की त्या यादीतील क्रमांक कंपनीकडे जातात, त्यांत ती सेवा न वापरणाऱ्यांचेही असतात. इतर काही ॲप नावेही उचलू शकतात. आम्ही आमची यादी उघडून पाहिली. 'मूळव्याध शिंदे', 'पीसीओडी – मोठी बहीण', 'श्वित्र मास्तर'! सोयीसाठी अशी नावे आपण सर्वच साठवतो. रुग्णाने जे कोणाला सांगितले नाही, ते आपण त्याच्या आडनावाला चिकटवून ठेवले होते. ती संपूर्ण यादी बदलायला आम्हाला दोन रविवार लागले.

निरोपांची वाट सोडून आरोग्यविषयक ॲपकडे पाहिले तर चित्र अधिक स्पष्ट आहे, कारण तेथे गोष्टी अधिकृत नोंदीवर आल्या आहेत. 'फ्लो' हे मासिक पाळीची नोंद ठेवणारे ॲप. त्यात स्त्रिया ज्या खाजगी नोंदी करीत, त्यांची माहिती फेसबुक व गूगलसारख्या कंपन्यांच्या विश्लेषणयंत्रणेकडे जात असल्याचा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला आणि जानेवारी २०२१ मध्ये त्यावर तडजोड जाहीर झाली. याच विषयावरील एका खटल्यात ऑगस्ट २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातील ज्यूरीने मेटा कंपनीविरुद्ध निर्णय दिला. औषधालयाच्या मालकांनी तर 'गुडआरएक्स'चे प्रकरण ध्यानात ठेवावे. हे औषधांच्या किमती दाखवणारे आणि सवलतीची कूपन देणारे ॲप. कोणत्या ग्राहकाने कोणत्या औषधाचे कूपन घेतले ही माहिती जाहिरात कंपन्यांकडे गेल्याच्या आरोपावरून फेब्रुवारी २०२३ मध्ये १५ लाख डॉलरचा दंड ठरला. ही गळती बहुधा चोरीने होत नाही. ॲप बनवणारा सारे स्वतः लिहीत नाही. मोजदादीसाठी, जाहिरातीसाठी मोठ्या कंपन्यांचे तयार तुकडे तो आत बसवतो. ते तुकडे आपल्या मूळ मालकाला वार्ता कळवत राहतात. बाहेरून भस्म आणून आपल्या गुटिकेत घालणाऱ्याने त्या भस्माची परीक्षा करावी ही जबाबदारी आपण मानतो. ॲपवाल्यांनी ती मानली नाही. आपल्याकडे औषधालयासाठी 'स्वतःचे ॲप' करून देणारे फिरते प्रतिनिधी येतात, त्यांना हा एकच प्रश्न विचारून पाहावा : यात दुसऱ्या कोणाचे तुकडे आहेत? आम्ही विचारला. प्रतिनिधी म्हणाला, वरिष्ठांना विचारून सांगतो. अद्याप सांगितलेले नाही.

आपल्या देशातील कायद्याची स्थिती थोडक्यात. खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने नव्या अटी मान्य करा असा संदेश सर्वांना दाखवला. नाकारण्याचा पर्याय भारतातील ग्राहकाला नव्हता. त्या प्रकरणी भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटा कंपनीला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला आणि जाहिरातीसाठी अन्य कंपन्यांना माहिती देण्यास पाच वर्षे मनाई केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पाच वर्षांची मनाई मात्र रद्द केली. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हावीत अशी योजना नियमांतच आहे. या कायद्याच्या दृष्टीने संगणकावर रुग्णनोंद ठेवणारे चिकित्सालय आणि औषधालय हेही माहितीचे विश्वस्त आहेत. सुरक्षिततेची तजवीज न केल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. हा आकडा आपल्यासाठी नाही असे समजून पुष्कळांनी पान उलटले असेल. जबाबदारी मात्र आपल्यासाठीही आहे.

युरोपात दाराचाच प्रश्न हाती घेतला गेला. तेथील डिजिटल मार्केट्स कायद्याने मार्च २०२४ पासून व्हॉट्सॲपसारख्या मोठ्या सेवांवर बंधन घातले की मागणी करणाऱ्या अन्य सेवांशी निरोपांची देवाणघेवाण करू द्यावी. नोव्हेंबर २०२५ मध्ये दोन लहान सेवांसाठी ते दार उघडत असल्याचे जाहीर झाले. आम्हाला त्याहून महत्त्वाचे वाटले ते जर्मनीचे उदाहरण. तेथील आरोग्यसेवेच्या डिजिटल व्यवस्थेची जबाबदारी असलेल्या गेमाटिक या संस्थेने २०२१ मध्ये ठरवले की डॉक्टर, रुग्णालये, औषधालये यांच्या निरोपांसाठी 'मेट्रिक्स' हा खुला प्रोटोकॉल आधार म्हणून घ्यायचा. सेवा पुरवणारे अनेक, पाठ एक, आणि प्रत्येकाची तपासणी करून मगच मान्यता. म्हणजे आपल्याकडे औषधांना जी चौकट आहे, तीच तेथे निरोपांना दिली गेली. आपल्याकडे मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांत व्हॉट्सॲपचे नाव माध्यम म्हणून सरळ छापलेले आहे. साथीच्या त्या दिवसांत दुसरे काय सुचवणार होते, हेही खरे.

आमच्या चिकित्सालयात आता काय चालते ते सांगतो. ते आदर्श आहे असा दावा नाही. निरोप त्याच ॲपवर येतात, कारण रुग्ण तेथेच आहेत. चिकित्सालयाचा भ्रमणध्वनी घरच्या फोनपासून वेगळा केला. त्यातील छायाचित्रे आपोआप अन्यत्र साठवण्याची सोय बंद केली, आणि गप्पांच्या बॅकअपला कुलूप लावले. (ही सोय २०२१ पासून आहे, पण ती आपणहून चालू करावी लागते.) साहाय्यकाने काहीही 'पुढे पाठवायचे' नाही. शुक्र, आर्तव, गुद, त्वचा आणि मनोविकार यांचे अहवाल रुग्णाने हातात आणून द्यावेत असे पहिल्या भेटीतच सांगतो. लांबच्या रुग्णांना ई-मेलचा पत्ता देतो. तरुण मंडळी यावर हसतात. हसोत.

औषधालयांना एक विनंती मात्र अजून पुरती मान्य झालेली नाही. मागणी नोंदवताना रुग्णाचे नाव नको, आमचा नोंदक्रमांक पुरेसा आहे, असे आम्ही गावातील तिन्ही औषधालयांना कळवले. दोघांनी मानले. तिसऱ्यांचे म्हणणे की क्रमांकाने गल्लत होते, गिऱ्हाईक नावानेच ओळखू येते. त्यांचीही अडचण खोटी नाही. त्यांच्याकडे जाणाऱ्या रुग्णांच्या हाती आम्ही पूर्वीसारखी कागदी चिठ्ठी देतो, आणि ती औषधालयात ठेवून न घेता शिक्का मारून परत द्यावी, एवढे ते करतात.